मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर एकच, मग प्रवासाचे तास इतके वेगवेगळे का?

वेण्णाकाठ

आई-बाबा सप्टेंबरात साताऱ्याहून माझ्याकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला येणार आहेत. आईचं वय ६९, बाबांचं ७४. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. मी तिकिटं बघायला बसले आणि आकड्यांत पार अडकले.

अंतर बघायला गेलं तर मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सगळीकडे साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास दाखवतात. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरलं तर पंधरा तास झाले. प्रत्यक्षात तिकिटांवर २१ तासांपासून ३४ तासांपर्यंत काहीही दिसतं. काही दुबईवरून, काही फ्रँकफर्टवरून, काही हाँगकाँगवरून. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांचा थेट प्रश्न: "अमेरिका पश्चिमेला, मग हाँगकाँगला, म्हणजे उलट दिशेला, कशाला जायचं? तो तर लांबचा वळसा झाला." मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: साडेतेरा हजार हा आकडा नेमका कशाचा? पूर्वेकडून जाणं खरंच लांबचं आहे का? आणि वयस्कर माणसांसाठी कोणता मार्ग बरा?

नकाशावेडा

बाबांना ग्लोब आणि दोरा घेऊन बसवा, त्यांना मनापासून आवडेल. शाळेत असतो तो ३० सेंटिमीटर व्यासाचा ग्लोब घेतला तर त्याचा परीघ ९४ सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणायचा. तो आपोआप सर्वांत आखूड वाटेवर जाऊन बसतो. मोजला तर जेमतेम ३२ सेंटिमीटर भरेल. साडेतेरा हजार म्हणजे ह्या ताणलेल्या दोऱ्याची लांबी. कागदावर करायचं तर दोन्ही गावांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढायचा. इथे तो १२१ अंशांच्या थोडा वर येतो, आणि एका अंशाला ६० सागरी मैल म्हणजे १११ किलोमीटर.

दोरा कुठून जातो ते मात्र नीट बघायला सांगा. मुंबईहून तो पश्चिमेला जात नाही आणि पूर्वेलाही नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. हिमालय, तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग, चीनचा शिनजियांग, सायबेरिया, मग ७७ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक समुद्र, तिथून अलास्काच्या बाजूने खाली कॅलिफोर्निया. सपाट नकाशावर हे दिसत नाही, कारण १५६९ साली मर्केटर ह्या नकाशाकाराने आखलेल्या पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग प्रचंड ताणलेला असतो आणि अमेरिका कायम डाव्या कडेला छापलेली असते.

मुंबई ७३ पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिमेवर. पूर्वेकडून गेलं तर मधे १६५ अंश, पश्चिमेकडून गेलं तर १९५. म्हणजे पूर्वेकडूनच थोडं जवळ. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: सॅन फ्रान्सिस्कोसाठी पूर्व ही उलट दिशा नाही.

मिलपिटसकर

थोडक्यात सांगतो. दुबईवरून आणा. मुंबईहून तीन-सव्वातीन तास, मग थेट सॅन फ्रान्सिस्को. आम्ही घरच्यांना दर वेळी तसंच आणतो.

नकाशावेडा

मिलपिटसकर, दुबईचं गणित खरंच सुंदर आहे. दुबई ५५ अंश पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम. बेरीज १७७ च्या वर. म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत आणि त्यांच्यातली सर्वांत आखूड रेषा उत्तर ध्रुवाला घासून जाते. ते अंतर सुमारे १३,०००. त्यात मुंबई–दुबईचे १,९३० मिळवा.

कालपासून सगळे टप्पे मोजून ठेवलेत. सगळे आकडे ताणलेल्या दोऱ्याचे आहेत, विमान प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं. दुबईमार्गे १४,९५०. हाँगकाँगमार्गे ४,२७० अधिक ११,१३०, म्हणजे १५,४००. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, म्हणजे १५,७००. सिंगापूरमार्गे ३,९०० अधिक १३,५९०, जवळजवळ १७,५००. थोडक्यात, हाँगकाँग हा फ्रँकफर्टपेक्षाही जवळचा मार्ग आहे. बाबांना हा आकडा जरूर दाखवा.

वेण्णाकाठ

बाबांनी ग्लोब खरंच काढला! शेजारच्या मुलीचा आणला. दोरा शिनजियांगवरून गेलेला बघून त्यांनी विचारलं, की मग विमानं ह्याच रेषेने का नेत नाहीत? मला फक्त "हिमालय" एवढंच सुचलं, पण विमान तर हिमालयाच्या कितीतरी वरून उडतं.

उड्डाणपत्रक

मी निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवण्याच्या कामात गेली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हिमालयाच्या वरून उडता येतं, हे बरोबर. अडचण विमान वर असताना नाही, खाली यावं लागलं तर आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला ताबडतोब १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे. उतरणार कुठे? म्हणून त्या भागावरून जाणारे मार्ग मोजके, त्यांना वेगळी तयारी लागते, आणि बहुतेक विमानं पठाराला बगल देऊन जातात.

त्यात दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक अट असते. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात हवा. ही अट कागदी नाही. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरवलं होतं. दोनशेहून जास्त प्रवासी त्या छोट्या गावात राहिले आणि दुसरं विमान जाऊन त्यांना घेऊन गेलं. गैरसोय झाली, पण सगळे सुखरूप राहिले, ते मगदान आधीपासून टप्प्यात धरलेलं होतं म्हणून.

आता मुख्य मुद्दा. अंतरावरून वेळ काढताना तुम्ही ज्या ९०० ने भागलंत, तो वेग हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या नाही. हवा स्वतः वाहत असते. वाहत्या नदीत पोहणाऱ्याचं जसं होतं तसंच विमानाचं. ३०–४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या वर ह्या पट्ट्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. ह्याची पहिली नीट मोजणी वासाबुरो ओइशी ह्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून केली. त्याने आपला अहवाल एस्परांतो ह्या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, आणि जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

गणित करून बघा. पश्चिमेकडून गेलात आणि समोरून सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर १३,५०० किलोमीटरला जवळजवळ सोळा तास. पूर्वेकडून दीड हजार किलोमीटर जास्त गेलात पण पाठीशी १०० चा वारा असला, तर १५,००० किलोमीटर पंधरा तासांत. लांबची वाट लवकर पोचवते. हे नुसतं पुस्तकी नाही. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जायची, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३००, आणि विमान साडेचौदा तासांत पोचलं, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी.

सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को बघा. तेच १३,५९० किलोमीटर, तोच महासागर. पूर्वेला येताना साधारण पंधरा तास, परत जाताना सतराच्या आसपास.

पेठेतला

उड्डाणपत्रक, फार छान समजावलंत. एक विचारतो. हे मार्ग ठरलेले असतात की रोज बदलतात?

उड्डाणपत्रक

रोज बदलतात. वरच्या वाऱ्यांचे जागतिक अंदाज दर सहा तासांनी नवे येतात. त्यावर त्या दिवसाचा मार्ग आखला जातो. सगळ्यांत कमी अंतराचा मार्ग कोणता हा प्रश्न आम्ही कधी विचारतच नसू. कमी वेळाचा आणि कमी इंधनाचा कोणता, एवढंच. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, म्हणून लांबच्या उड्डाणात अर्ध्या तासाचा फरकसुद्धा मोठा असतो.

आणि तिकिटावरचा वेळ म्हणजे नुसता हवेतला वेळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा तो असतो. त्यात धावपट्टीकडची रांग आली, उतरताना मारलेल्या घिरट्या आल्या. वेळापत्रक आखताना ऋतूप्रमाणे वाऱ्याचा हिशोब धरून थोडी सूट ठेवलेली असते. त्यामुळे हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या वेळा वेगळ्या दिसतात.

रातराणी

ह्या सगळ्यात हवाई हद्दींचा विषय राहिला. गेल्या काही वर्षांत वेळा बदलल्या त्या मुख्यतः ह्याच कारणाने. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना आपली हद्द बंद केली. हेलसिंकी–टोकियो हे नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांवर गेलं, आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीला जपानला ध्रुवावरून जावं लागलं. मार्च २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई–नेवार्क (न्यूयॉर्कजवळचं) ह्या दोन्ही सेवा थांबवल्या. भारतीय आणि आखाती कंपन्यांना रशियावरून जाता येतं, त्यामुळे दोन शहरांमधलं अंतर तेच असूनही कंपनीप्रमाणे तास वेगळे.

मग पाकिस्तान. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै हद्द बंद होती. पुन्हा २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी बंद झाली आणि महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना ह्याचा फटका जास्त बसला. काहींना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधन भरायला उतरावं लागलं. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून निघू शकतं म्हणून तुलनेने बरं, पण लांबच्या पल्ल्यात तेवढंही जाणवतं. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली होती, तिलाही २०२५ मध्ये कोलकात्याचा थांबा घ्यावा लागला.

म्हणून वेण्णाकाठ, वर्षा-दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्याही अनुभवावरून तास धरू नका. थेट सेवा हवी असेल तर तुमच्या तारखांना ती चालू आहे का आणि मधे थांबा आहे का, हे बुकिंगच्या दिवशी बघा. "थेट" लिहिलेलं असलं तरी एका थांब्याचं असू शकतं. "विनाथांबा" म्हणजे विनाथांबा.

नकाशावेडा

रातराणींच्या मुद्द्याला जोडून: जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर पहिलं विनाथांबा विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला वैमानिक सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. दोऱ्याचं अंतर सुमारे १४,०००, वेळ सतरा तासांच्या थोडा वर. इतक्या उत्तरेला टाकीतलं इंधन गोठण्याचीही काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत सर्वसाधारण मिळणारं विमानाचं इंधन उणे ४० अंशांना गोठू लागतं, आपल्याकडे मिळणारं उणे ४७ ला. हे वाचल्यापासून विमानाच्या खिडकीतून बर्फ दिसला की मला पंखांतल्या टाक्या आठवतात.

डॉक्टरीणबाई

अंतराबद्दल तुम्ही सगळे छान लिहीत आहात. मला काका-काकूंच्या पायांबद्दल लिहायचं आहे. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसल्यावर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढायला लागतो. वय, स्थूलपणा, आधीचं ऑपरेशन, पूर्वी कधी गुठळी झालेली असणं ह्याने तो आणखी वाढतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सत्तरीच्या माणसांसाठी सर्वांत कमी एकूण तास हा निकष घेऊ नका. एका बैठकीत सर्वांत जास्त किती तास, ते बघा. दुबईमार्गे दुसरा टप्पा सोळा तासांच्या आसपास आहे. हाँगकाँगमार्गे सहा आणि तेरा. फ्रँकफर्टमार्गे नऊ आणि साडेअकरा, हे त्यातल्या त्यात सर्वांत समसमान. मला स्वतःला ह्या वयासाठी असे दोन टप्पे बरे वाटतात.

बाजूच्या मार्गिकेची जागा घ्या, खिडकीची नको, म्हणजे संकोच न करता उठता येईल. पाणी पीत राहावं. दर दीड-दोन तासांनी उठून फिरावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत. पायमोज्यांबद्दल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही घेऊ नका. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर घड्याळ बारा तास सरकल्यावर वेळा कशा बदलायच्या, ते निघण्याआधी लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

वेण्णाकाठ

डॉक्टरीणबाई, मनापासून आभार. बाबांना साखर आहे, पण गोळ्यांवर आहे. एका बैठकीत किती तास, हा विचार मी केलाच नव्हता.

मिलपिटसकर

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पटलं. माझ्या सासूबाई दुबईहून पुढच्या टप्प्यात पाय सुजून आल्या होत्या. दुबईचा आग्रह मी मागे घेतो. जोडीला दोन गोष्टी. मधल्या थांब्याला तीन तास तरी ठेवा आणि दोघांसाठीही चाकाची खुर्ची आधीच मागून ठेवा. दीड तासाचा थांबा कागदावर आकर्षक दिसतो, पण मोठ्या विमानतळावर सुरक्षा तपासणी आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं त्यात बसत नाही. आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात बदल असलेलं तिकीट टाळा. उदाहरणार्थ नेवार्कला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, तिथे सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना ते सोपं नाही. सॅन फ्रान्सिस्कोलाच इमिग्रेशन झालं की बाहेर तुम्ही उभ्या असालच.

पेठेतला

साताऱ्याहून मुंबईचे पाच-सहा तासही धरा. विमानतळावर तीन-चार तास आधी. म्हणजे २२ तासांचं तिकीट घरापासून घरापर्यंत ३०-३२ तासांचं तरी होतं. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा तिकिटावर कोणता लिहिलाय ते नीट वाचा.

रातराणी

तारखेचंही सांगून टाकते. सप्टेंबरात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेतेरा. एकूण २२ तासांचा प्रवास धरला आणि मुंबईहून रात्री १ ला निघाले, तर आपल्याकडे रात्रीचे ११ वाजलेले असताना तिथे त्याच दिवशी सकाळी साडेदहाला पोचतात. तिकिटावर निघायची आणि पोचायची तारीख एकच दिसते, त्यामुळे बघणाऱ्याला प्रवास साडेनऊ तासांचा वाटतो. कितीतरी घरांत ह्यावरून गोंधळ होतो.

सातवीतली_मुलगी

मी आईच्या मोबाइलवरून लिहितेय. मुंबईपासून सगळ्यात लांबचा विमानतळ कोणता?

नकाशावेडा

फार चांगला प्रश्न. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून जगातली कुठलीही दोन ठिकाणं २०,००० पेक्षा फार लांब असूच शकत नाहीत. मुंबईच्या बरोबर विरुद्ध बिंदू १९ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिम इथे पॅसिफिकमध्ये आहे, तिथे नुसतं पाणी. त्याच्या जवळ विमानतळ असलेली जागा म्हणजे चिलीचं ईस्टर बेट. मुंबईहून सुमारे १९,१०० किलोमीटर. तिथे जायला आधी चिलीची राजधानी सँटियागो गाठावी लागते. सध्या एका दमात होणारं सर्वांत लांबचं नियमित उड्डाण सिंगापूर–न्यूयॉर्क आहे, १५,३०० च्या वर, सुमारे पावणेएकोणीस तास. तू ग्लोबवर दोरा लावून ईस्टर बेट शोध. त्या बेटाजवळ पोचलीस की दोरा कुठूनही लावला तरी जवळजवळ तेवढाच भरेल.

वेण्णाकाठ

सगळ्यांचे आभार. बाबांनी हा सगळा धागा मोठ्या अक्षरांत करून वाचला. त्यांना जेट स्ट्रीम आणि ओइशींची गोष्ट इतकी आवडली, की त्यांना पूर्वेकडूनच यायचं आहे, पाठीशी वारा घेऊन. आईचं म्हणणं, जिथे जास्त वेळ पाय मोकळे करता येतील तिथून. हाँगकाँगमार्गे साडेतीन तासांच्या थांब्याचं तिकीट मिळतंय, एकूण साडेबावीस तास. परतताना फ्रँकफर्टमार्गे आणलं तर? येताना पॅसिफिक आणि जाताना अटलांटिक, असं वेगवेगळं करण्यात काही तोटा आहे का?

उड्डाणपत्रक

वाऱ्याच्या दृष्टीने उत्तमच. सॅन फ्रान्सिस्कोहून फ्रँकफर्ट आणि तिथून मुंबई, दोन्ही टप्पे पूर्वेच्या दिशेचे, म्हणजे परततानाही वारा बहुतांशी पाठीशीच. दोघं पृथ्वीला पूर्ण फेरी मारून साताऱ्याला परततील, हे तुमच्या बाबांना सांगा. फक्त दोन्ही बाजू वेगळ्या कंपन्यांच्या झाल्या तर सामानाचे नियम वेगळे असतील. आणि जर्मनीतल्या थांब्यासाठी कागदपत्रं काय लागतात, ते तिकीट काढायच्या आधी त्यांच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासा.

रातराणी

परतीच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बहुधा "+२" लिहिलेलं असेल. शुक्रवारी संध्याकाळी निघाले तर मुंबईत रविवारी पहाटे उतरतील. साताऱ्याहून न्यायला येणाऱ्या गाडीला शनिवार सांगू नका.